साफ तलावाचा फोटो

आमच्या कंपनीची पाटी अजून शाबूत आहे. ब्रह्मपुरीत माझ्या मित्राच्या फोटो स्टुडिओमागे पाण्याचा एक ड्रम आहे, त्यावर ती झाकण म्हणून ठेवलेली असते. ‘हवाई मोजणी व नकाशे’ ही अक्षरं उन्हानं उडाली, पण पेंटरनं कोपऱ्यात हौसेनं काढलेलं निळं विमान अजून ओळखू येतं. मित्राची बायको त्या विमानावर कपड्यांचा साबण ठेवते. पाटीचा एवढा उपयोग आमच्या हातून तरी कुठं झाला होता!

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. ड्रोन हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणाच्या कानावरून गेलेला नव्हता. मी मोजणीवाला. सरकारी नव्हे. सिव्हिलचा डिप्लोमा करून नोकरी न लागलेला माणूस जे करतो ते मी करायचो, म्हणजे लोकांच्या धानाच्या बांध्या, भाताची खाचरं, साखळीनं मोजून द्यायची आणि भावाभावांच्या भांडणात दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. मित्र लग्नाचे फोटो काढायचा. कॉलेजात एनसीसीत असताना तो हलक्या लाकडाची विमानं बनवून रिमोटनं उडवायला शिकला होता, आणि पोराबाळांचा बाप झाला तरी ते खूळ त्याच्या डोक्यातून गेलेलं नव्हतं. त्यानं छोटा डिजिटल कॅमेरा घेतला त्या दिवशी स्टुडिओत चहा पिताना आम्हा दोघांना एकदमच सुचलं, की हा विमानाच्या पोटाला बांधला तर?

त्या क्षणाला मी आजही शिव्या देतो. पण तेव्हा वाटलं, सुटलो. आमच्या भागात अर्धी जमीन अशी, की साखळी धरून सरळ चालताच येत नाही. बांबूची दाट रांजी मध्ये येते, नाला येतो, दलदल येते. वरून एक फोटो घेतला की सगळं एका नजरेत कागदावर. नागपूरवाल्यांनाही जे जमलं नव्हतं ते आम्ही ब्रह्मपुरीत करणार होतो. उंटावरून शेळ्या हाकणारे आम्ही ऐकले होते. आम्ही तर आकाशातूनच निघालो होतो.

माझे वडील निवृत्त शिक्षक. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात शिकणं हाच देव्हारा. मी नोकरीशिवाय राहिलो याचं दुःख ते बोलून दाखवत नसत, पण कापलेल्या धानाच्या शेतात आमचं विमान तिसऱ्यांदा नाकावर आपटलं तेव्हा बांधावर उभे राहून म्हणाले, “तुले शिकून वर जा म्हनलं होतं बापा. एवढं वर नाई.” मित्र पोट धरून हसला. मलाही हसू आलं, आणि घरी येईपर्यंत ते गेलंही.

विमान उडायला लागल्यावर आम्ही गिऱ्हाईकं शोधायला निघालो. चंद्रपुरात खाणीची कामं घेणारे ठेकेदार भेटले, राईस मिलवाले भेटले. सगळ्यांनी विमान हातात घेऊन कौतुकानं उलटंसुलटं पाहिलं. एकानं विचारलं, लेकीची वरात वरून काढून द्याल का? परवानगीसाठीही फिरलो. ज्या कार्यालयात गेलो तिथला साहेब म्हणायचा, हे आमच्याकडे येत नाही. मग कुणाकडे येतं? ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! शेवटी आम्ही विचारणंच सोडून दिलं.

पहिलं गिऱ्हाईक स्वतः चालत आलं. स्टुडिओसमोरच्या बाजारात शिंगाडे विकायला बसणारी एक बाई होती. वैनगंगेपलीकडे, आरमोरीच्या पुढे जंगलाच्या कडेला तिचं गाव. जातीनं ढिवर, आणि गावातल्या मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष. पांढरे झालेले केस, आवाज खणखणीत. टोपली रिकामी झाल्यावर ती स्टुडिओत आली आणि टेबलावरच्या विमानाकडे पाहत म्हणाली, “ह्या जहाजातून पान्यातलं दिसते का जी?”

तिची अडचण साधी होती. गावचा जुना तलाव सोसायटीकडे ठेक्यानं होता. पाळीजवळ, म्हणजे तलाव अडवणाऱ्या मातीच्या बंधाऱ्याजवळ, पाणी खोल, तिथं पुरुष डोंग्यातून जाळी टाकायचे. दुसरं, वरचं टोक उथळ. तिथं बाया शिंगाडा लावायच्या. प्रत्येक घराचा हिस्सा ठरलेला, पाण्यात बांबूचे खुंटे गाडून त्यांना दोर बांधलेला. सासूचा हिस्सा सुनेकडे जायचा. मासळी पुरुषांच्या हातात जायची, पण शिंगाड्यावर बायांचं घर चालायचं. आता वरच्या टोकाला लागून ज्याची शेती होती, तो गावातला मोठा शेतकरी दरवर्षी आपला बांध थोडा थोडा पाण्यात सरकवत होता. वरचं टोक पडीकच आहे, तिथं कुणी काही लावत नाही, ते मला द्या, असा अर्ज त्यानं केला होता. सोसायटीनं हरकत घेतली होती. थोड्याच दिवसांत सरकारी साहेब जागेवर मौका पाहायला येणार होते.

“आमचं तोंडानं कोन आयकते?” ती म्हणाली. “तिकडं जायाले रस्ता नाई. सायब पाळीवर उभा रायते, तिथूनच वापस जाते. वरून फोटू निंगला तर सारे हिस्से दिसन ना?”

“दिसतील,” मी म्हणालो. “एकेक खुंटा दिसेल.”

तिनं लगेच सोसायटीच्या अर्जात लिहून घेतलं, की तलावाचा आकाशातून काढलेला फोटो आम्ही साहेबांपुढे ठेवू. माझ्या छातीत काय भरून आलं सांगू! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या नकाशाच्या भरवशावर बसलं होतं.

गावाला एकदा जाऊन आलो. पाळीवर उभं राहून तिनं हात लांब करून दाखवलं. तलावाला मध्येच बाक आहे आणि बेशरमाची झुडपं माजलेली, त्यामुळे वरचं टोक पाळीवरून दिसतच नाही. म्हणूनच तर आमची गरज. विमान पाळीवरच्या रस्त्यावरून उडवायचं ठरलं. शिंगाड्याची शेवटची तोडणी आटोपली होती, पण वेल आणि खुंटे-दोर उन्हाळ्यापर्यंत तसेच राहतात, त्यामुळे काळजी नव्हती. दिवसही ठरला.

त्या सकाळी आम्ही पोचलो तर पाळीवर जत्रा. बायांनी न्हाऊन केसांना तेल लावलेलं, पेटीतली लुगडी आणि पातळं बाहेर निघालेली. पुरुष इस्त्रीच्या सदऱ्यात. पाळीवर सडा घातलेला. जाळी एरवी पाळीभर वाळत असतात, ती कुठंच नव्हती. डोंगे ओढून झाडांच्या मागे ठेवलेले. कुणीतरी आंब्याच्या पानांचं तोरणही दोन झाडांना बांधलं होतं. मित्र माझ्या कानात म्हणाला, “च्यायला, आपण मोजणीला आलो का साक्षगंधाला?” सगळे ओळीनं उभे राहिले आणि वर पाहू लागले. त्या गावात फोटो म्हणजे लग्नाचा, नाहीतर मयत उचलण्याआधीचा शेवटचा. तिसरा प्रकार त्यांनी पाहिलेला नव्हता. मला ते सारं फार गोड वाटलं. गोडच होतं.

विमान उडालं. आजही सांगतो, तसं ते कधीच उडालं नव्हतं. हवा पडलेली, ऊन कोवळं. पाळीवरून सरळ वर चढलं, बाकावरून वळलं, वरच्या टोकावर गोल फिरलं. फिरताना आवाज भुंग्यासारखा बारीक व्हायचा आणि परत मोठा. मित्राच्या हातात रिमोट, कपाळावर थंडीतही घाम, आणि तोंडावर असलं हसू, की तसं मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. पोरंटोरं, म्हातारे, सगळे माना वर करून. तेवढा वेळ मी सुखी होतो. नुसता सुखी. नंतरच्या सगळ्या वर्षांत मला तसं पुन्हा वाटलेलं नाही.

उतरताना इंजिन बंद पडलं. विमान तलाव ओलांडून सागाच्या झाडांत अडकलं आणि एक पंख मोडला. कॅमेरा वाचला. आम्ही ते काढून आणतो न आणतो तोच पोलिसांची गाडी आली. जंगलपट्ट्यात आकाशात काही घुरघुरलं तर बातमी पोचायला वेळ लागत नाही, आणि तो काळ तर नक्षल्यांच्या धास्तीचा, असा की अनोळखी मोटारसायकलसुद्धा नजरेत यायची. आम्हाला ठाण्यात बसवलं. मारहाण नाही, शिवी नाही, चहासुद्धा दिला. पण उडवायची परवानगी कुणाची, असं विचारलं तेव्हा आम्ही फिरलेल्या कार्यालयांची नावंच सांगत बसलो. ठाणेदारांनी कॅमेऱ्यावर फोटो एकेक करून पाहिले. “बाया अन् पाणी,” ते म्हणाले, आणि कॅमेरा परत दिला. विमान आणि रिमोट मात्र चौकशी होईपर्यंत तिथंच. ती चौकशी अजून चालू असावी, कारण विमान परत मिळालेलं नाही.

परतताना नदीवरच्या पुलावर मित्र म्हणाला, “जाऊ दे, फोटो तर आहेत.” मलाही तेच वाटत होतं.

दोन दिवसांनी अध्यक्षबाई आणि तिची नणंद बाजाराच्या जीपनं स्टुडिओत आल्या. त्यांच्यासोबतच पाहायचा म्हणून तोवर न उघडलेला फोटो मित्रानं कॉम्प्युटरवर लावला. काय फोटो होता! तलाव आरशासारखा, पाळ लुगड्याच्या काठासारखी, आणि पाळीवर लाल-हिरव्या ठिपक्यांची रांग. नणंदेनं तोंडावर पदर घेतला. “हे मी!” ती एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली.

मी फोटो वर सरकवला. वरचं टोक आलं. पाणी. नितळ, कोरं पाणी. मला वाटलं, चुकीची जागा आली. परत सरकवला. बेशरमाची झुडपं ओळखू येत होती, शेतकऱ्याचा बांध दिसत होता, आणि मध्ये काहीच नव्हतं. खुंटा नाही, दोर नाही, वेलाचं पान नाही.

“बाई, खुंटे कुठं आहेत?”

“काढले ना जी,” ती म्हणाली.

“काढले?”

“फोटू काढाचा होता ना. साऱ्या बाया पान्यात उतरलो. वेल सडून राह्यले होते, लय घान दिसे. खुंटे उपटले, दोर गुंडाळले, सारं साफ केलं. एवढं थंडं पानी, पन कोनी कुरकुर नाई केली.” ती आमच्याकडे पाहून हसत होती. “पावना वरून पायनार म्हनल्यावर घरात केर ठेवते का कोनी?”

मित्रानं खुर्ची मागं सरकवली आणि उठून दारात जाऊन उभा राहिला. मला ओरडावंसं वाटलं. कुणावर? घरी फोटोग्राफर येणार म्हटलं की माझी आईसुद्धा भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायची, खाटेखालचं सामान आत न्यायची. फोटोत आपलं जगणं दिसू नये, आपण नीटनेटके दिसावं, हे आपल्या सगळ्यांच्या अंगात आहे. ज्यांना आयुष्यभर लोकांनी घाण म्हटलं, मासळीचा वास येतो म्हणून बसमध्ये सरकून बसले, त्यांच्या अंगात जरा जास्त. त्यांनी पाहुण्यासाठी घर सारवावं तसा तलाव सारवला होता. आणि तलावातला तो केर हाच त्यांचा सगळा पुरावा होता.

मी सावकाश समजावून सांगितलं. समजावताना तिच्या चेहऱ्यावरचं हसू विझत गेलं, ते मी पाहिलं. नणंदेला लगेच कळलं नाही. ती आपला ठिपका परत दाखवा म्हणत होती. अध्यक्षबाईनं तिला हातानं थांबवलं. मग म्हणाली, “आनखी एक डाव उडवा ना जी. आमी सारं वापस गाडतो.”

कशानं उडवणार? विमान ठाण्यात. नव्या विमानासाठी सामान कोलकात्याहून यायचं, ते बनवून उडवेपर्यंत मौका होऊन गेला असता. शिवाय पुन्हा उडवलं असतं तर या वेळी चहा मिळाला नसता. मी झाडावर चढून फोटो काढू म्हटलं. त्या टोकाला बेशरमाशिवाय झाड नव्हतं. मित्र दारातूनच म्हणाला, निदान खुंटे तरी परत लावा, साहेबाला डोंग्यात बसवून नेऊ. दुसरा मार्ग नव्हता. जुने खुंटे तर त्यांनी उपटल्यावर शेकोटीत जाळून टाकले होते. म्हणून बायांनी जंगलातून नवा बांबू तोडून आणला, पुन्हा त्या पाण्यात उतरल्या आणि आपापले हिस्से गाडले. बैल गेला आणि झोपा केला. मला तेव्हाच ही म्हण आठवली होती, पण मी ती तोंडातून काढली नाही.

मौक्याच्या दिवशी साहेब आले. तो माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. वाईट असता तर निदान त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती. तो डोंग्यात बसायलाही तयार झाला. डोंगा बाक ओलांडून वरच्या टोकाला गेला. समोर खुंट्यांच्या रांगा. हिरवेगार, ताजे, सालीवर अजून पांढरी भुकटी. बांबू त्या माणसानं आयुष्यात पाहिलेला नव्हता थोडाच! त्यानं एक खुंटा हलवला, तो हातात आला.

“अर्जात तुम्ही आकाशातून काढलेला फोटो लिहिला आहे,” तो म्हणाला. “दाखवा.”

मी दाखवला. काय करणार होतो? त्यानं फोटो पाहिला, खुंटे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. काठावर उभ्या शेतकऱ्याला कुणीतरी फोटो नेऊन दिला. तो म्हणाला, “सायेब, हा तं त्यायचाच फोटू. कुठी आहेत शिंगाडे?”

अध्यक्षबाई डोंग्यातच उभी राहिली. डोंगा डगमगला. “फोटूसाठीच काढले होते जी,” ती म्हणाली. “फोटू चांगला यावा म्हनून आमीच साफ केलं.”

सगळे हसले. शेतकरी हसला, कारकून हसले, साहेबही तोंड फिरवून हसला. पुराव्याचा फोटो काढायचा आणि त्याच्या आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं पुरावा उपटून टाकायचा, हे कोण खरं मानेल? तिचं बोलणं अक्षर न् अक्षर खरं होतं आणि ऐकायला इतकं खोटं, की मीसुद्धा तिच्या बाजूनं बोललो तेव्हा मला माझाच आवाज खोटा वाटला. ती खाली बसली.

वरचं टोक सोसायटीच्या ठेक्यातून निघालं आणि त्या शेतकऱ्याला मिळालं. हुकमात कारण लिहिलेलं होतं, की सदर भागाचा वापर होत असल्याचं दिसून येत नाही. सोबत आमचा फोटो जोडला होता. आमच्या कंपनीचा सरकारदरबारी दाखल झालेला तो पहिला आणि शेवटचा नकाशा. मित्रानं पाटी उतरवली, मी परत साखळी उचलली.

एक गोष्ट मात्र राहिली होती. गावातल्या लोकांनी फोटो मागितला. मला वाटलं होतं, त्यांना त्याचं तोंडही पाहावंसं वाटणार नाही. पण घरोघरी तो हवा होता. मित्रानं प्रती काढून दिल्या आणि मी त्या पोचवायला गेलो नाही. जीपवाल्याच्या हाती पाठवल्या.

पुढं कितीतरी वर्षांनी त्या बाजूच्या एका गावात बांध मोजायला गेलो होतो. आषाढाचे दिवस, सगळीकडे धानाची रोवणी सुरू. परतताना रस्त्यातच तिचं गाव लागलं आणि पाय वळले. अध्यक्षबाई आता बरीच वाकली होती, पण मला लगेच ओळखलं. “या भाऊ, बसा,” म्हणाली, आणि काळा चहा ठेवला. भिंतीवर चौकटीत तो फोटो होता. बाजूला तिच्या नवऱ्याचा, हार घातलेला.

मी फोटोकडे पाहायचं टाळत होतो. तिनंच तो खुंटीवरून काढून माझ्या मांडीवर ठेवला. पाळीवरच्या ठिपक्यांकडे ती गेलीच नाही. तिचं बोट वर, कोऱ्या पाण्यावर आलं.

“हा माया हिस्सा,” ती म्हणाली. “हा नन्देचा. हा तिच्या जावेचा, ते मेली मागच्या साली. इथून वळलं का बेशरमापावतर सुनेच्या मायचा.” बोट काचेवरून फिरत होतं, थांबत होतं, परत वळत होतं. काच तेवढ्याच जागी घासून धुरकट झाली होती. रोज कुणीतरी तिथं बोट फिरवत असणार. फोटोत काही नव्हतं आणि तिला सगळं दिसत होतं.

मी म्हणालो, “बाई, आमच्यामुळं तुमचं...”

“नाई जी. फोटू तं लय चांगला निंगला,” ती म्हणाली. खरंच तसं म्हणाली, टोमणा न मारता. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

बाहेरून बायांनी हाका मारल्या. तिनं लगबगीनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला, पाऊस लागू नये म्हणून डोक्यावर पळसाच्या पानांचा मोरा घेतला. “चहा पिऊन जाजा भाऊ. मले रोवन्याले जाचं आहे. आज उशीर झाला तं मालक बोल्ते.”

“या वयात? कुणाच्या बांधीत?” मी विचारलं.

ती जाता जाता वाकली आणि फोटोवर, त्याच कोऱ्या पाण्यावर, बोट ठेवलं.